पश्चिमेची भिंत दसऱ्याला काढण्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
हरित शाळा इमारत कक्ष,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : श्रीमती चंद्राबाई सदू ठोंबरे, वय अंदाजे सत्तर, धंदा शेती, सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती, मु. तांबडवाडी, चौकजवळ, ता. खालापूर, जि. रायगड.

विषय : तांबडवाडी येथील प्राथमिक शाळेच्या हरित इमारतीची पश्चिमेकडील भिंत दर वर्षी दसऱ्याला काढण्याची व पावसाआधी ती बाजू पुन्हा बंद करण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज, ऑक्टोबर २०२४, मार्च २०२५ व मे २०२५.
२) त्या तिन्हींवरील आपली उत्तरे.
३) आपल्या कक्षाचे प्रशंसापत्र, ऑगस्ट २०२५.

महोदय,

मी आपल्याला याआधी तीन अर्ज केले आणि तिन्हींची उत्तरे आली, त्याबद्दल मी आभारी आहे. आमच्या वाडीत सरकारी उत्तर येणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु ती तीन उत्तरे एकापुढे एक ठेवून वाचली तर त्यांतून बाहेर पडायला कोठेच वाट राहत नाही, म्हणून हा चौथा अर्ज. आधीचे अर्ज आमच्या शाळेच्या शिक्षिका उमा गद्रे मॅडम यांनी लिहून दिले होते. हा मी स्वतः लिहीत आहे. यात मी जे सांगणार आहे ते मॅडमना नोकरीत राहून सांगता येणार नाही, तरी त्यांना यात ओढू नये. अक्षर मोठे व वाकडे आहे, ते चालवून घ्यावे. मी साठी ओलांडल्यावर लिहायला शिकले.

१. आमची जुनी शाळा कौलारू होती. दोन वर्ग आणि पुढे पडवी. पश्चिमेला पूर्ण भिंत नव्हतीच. कमरेएवढा कट्टा, त्यावर लाकडी खांब आणि मध्ये मोकळे. उन्हाळ्यात दुपार कलली की पाताळगंगा नदीकडून वारा सुटतो, तो सरळ वर्गात यायचा. कधी कधी त्या वाऱ्याला कारखान्यांचा वास असतो हे मी लपवत नाही, पण वारा असतो. पावसाळ्यात त्याच बाजूने झड येते. म्हणून मृगाआधी त्या बाजूला कारवीच्या काठ्या आणि पेंढा यांचे झाप बांधायचे आणि दसऱ्याला ते काढायचे, अशी आमची रीत आहे. वाडीतल्या सगळ्या घरांना तीच. शाळेचे झाप बांधायला घरटी एक माणूस यायचा. काढायला मात्र कोणाला बोलवावे लागत नसे. पोरेच पहाटे जाऊन सुतळ्या तोडून ठेवत.

याच शाळेत उमा मॅडमनी संध्याकाळी मोठ्या बायांचा वर्ग घेतला. दसरा झाला की आम्ही शेतावरून येऊन पश्चिमेच्या कट्ट्यापाशी बसायचो. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत पाटीवर सरळ उजेड पडायचा. उजेड होता तोवर लिहायचे, गेला की घरी जाऊन चूल पेटवायची. त्या वर्गाला विजेचा दिवा कधी लागला नाही. आपला कक्ष विजेच्या बचतीचा आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

२. सन २०२२ मध्ये एका कंपनीच्या देणगीतून आमच्या शाळेला नवी इमारत मंजूर झाली. इमारत स्थानिक पद्धतीवर आधारित, कमी विजेत चालणारी आणि निसर्गाला धरून असावी, असे ठरले होते. विचार चांगलाच होता. त्यासाठी आपल्या कक्षाकडून देवव्रत नावाचे तरुण साहेब आमची घरे पाहायला आले. स्वभावाने भले आहेत. पण ते आले आषाढात. पाऊस असा की छत्री उलटी होत होती. त्यांनी जुनी शाळा पाहिली, घरे पाहिली. सगळीकडे पश्चिमेला झाप. त्यांनी फोटो काढले. शाळेचे सुटलेले झाप बांधत होता आमचा शेजारी हिरू. त्याला त्यांनी विचारले, ही बाजू अशी बंद का? हिरू पावसात उभा, तोंडात सुतळी. तो म्हणाला, “ही बाजू आमी बंदच ठेवतो सायेब. उगडी ठेवली तर पोरं व्हाऊन जातील.”

आपल्या पाहणी अहवालात हे असे छापले आहे : “पश्चिम दिशेची बाजू पूर्णतः बंद ठेवण्याची स्थानिक परंपरा असून, ती उघडी ठेवणे मुलांच्या जीवितास धोकादायक असल्याचे ग्रामस्थांनी नमूद केले.”

३. जुनी शाळा पाडून त्याच जागी नवी इमारत बांधली, ती जून २०२४ मध्ये सुरू झाली. पहिले चार महिने आम्ही सगळे खूश होतो, हे खरे आहे. पश्चिमेची भिंत हलक्या विटांची, हातभर जाड, खालपासून वरपर्यंत बंद. पावसाचा थेंब आत नाही. वह्या सर्दावल्या नाहीत. माझी नात रिया दुसरीत होती. तिचे आईबाप साजगावला कारखान्यात कामाला आहेत आणि तिकडेच खोली करून राहतात, म्हणून ती माझ्याजवळ असते. ती घरी येऊन म्हणायची, “आजी, आमच्या साळंत पाऊस आयकू पन येत नाय.” त्या भिंतीला मी नावे ठेवत नाही. पावसाळ्यात ती भिंत बरोबर आहे.

नवरात्र संपले आणि ऊन तापले. तेव्हा कळले की जो वारा बाहेर चालू असतो तो आत येत नाही. पूर्वेच्या खिडक्यांना न उघडणारी काळी काच आहे, तिच्यातून उजेडही येत नाही. वर झरोके आहेत, त्यांतून गरम हवा बाहेर जाते असे सांगतात. जात असेल, पण तिच्या जागी यायला दुसरी हवा नाही. दुपारी वर्ग असा होतो की पोरे बाकावर डोके टेकून पडतात. मॅडम पाटीने वारा घालतात.

४. ऑक्टोबरच्या अर्जात आम्ही पश्चिमेला एक खिडकी मागितली होती. उत्तर आले की, ती भिंत हा आपल्याच परंपरेचा भाग असून इमारतीला मिळालेल्या हरित मानांकनाचा मुख्य आधार आहे. तिला छिद्र पाडल्यास मानांकन रद्द होईल, देणगी परत करावी लागेल आणि शासकीय मालमत्तेचे नुकसान केल्याची तक्रार होईल. परंपरा वेगळी असल्यास तसा ठराव द्यावा.

ग्रामसभा घेतली. ठरावाच्या वेळी सगळे हिरूवर तुटून पडले. गौराबाई आमच्या वाडीत तोंडाने सर्वांत तिखट. ती म्हणाली, “आरं हिरू, सबंद वाडीच्या तोंडाला तू कुलूप घातलंस रं!” हिरू म्हणाला, “मला इचारलं तवा आभाळ फाटलं व्हतं. तवा काय चैत्राचं सांगू? नि पोरं व्हाऊन जातील ह्यो इनोद व्हता. सरकारला इनोद कळत नाय का?” ठराव एकमताने झाला. मार्चच्या अर्जासोबत तो जोडला. उत्तर आले की, ग्रामस्थांचा आधीचा जबाब आणि आताचा ठराव यांत विसंगती असल्याने प्रत्यक्ष फेरपाहणी करण्यात येईल, तोपर्यंत इमारतीत बदल करू नये.

५. मधल्या काळात काय करायचे ते उत्तरात नव्हते. मार्चच्या उन्हात एके दिवशी रियाचा घोळणा फुटला. नाकातून वहीवर रक्त सांडले. मॅडमनी तिला झाडाखाली निजवून डोक्यावर पाणी मारले आणि दुसऱ्या दिवशी कर्जतच्या आपल्या घरून दोन टेबलपंखे आणले. आठवड्यातच आपल्या कक्षाकडून नोटीस आली की, शाळेने नमुन्यात ठरल्यापेक्षा जास्त वीज वापरली असून खुलासा करावा. पंखे परत गेले.

मग धाऊने आपला गोठा दिला. धाऊ एकटा म्हातारा, गुरे विकून टाकलेली, गोठा रिकामा. गोठ्याची पश्चिम बाजू उघडी. आम्ही बायांनी तो सारवून दिला. मुले तिथे बसू लागली आणि पहिल्याच दुपारी पाढे वाडीभर ऐकू आले. धाऊ दारात बसून ऐकायचा आणि म्हणायचा, “माज्या गाई येवड्या वरडत नव्हत्या.” पण तो खूश होता.

६. आपल्या इमारतीत वर्गाच्या छताला एक पांढरी वाटी पालथी बसवलेली आहे, ती आपल्याला माहीत आहे. माणूस हलला की तिला कळते आणि दिवा लागतो. सगळे स्थिर राहिले की थोड्या वेळाने दिवा विझतो. वीज वाचावी म्हणून ही सोय. पण ती वाटी कोण हलले, कधी हलले, हे आपल्या कार्यालयालाही कळवते, हे आम्हाला माहीत नव्हते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरी नोटीस आली. तिच्यात लिहिले होते की, इमारत विनावापर आढळत आहे. असेच चालू राहिल्यास विद्यार्थी नसल्याचे गृहीत धरून शाळा बंद करण्यात येईल आणि मुले हायवेपलीकडच्या शाळेत पाठवली जातील.

हायवे म्हणजे जुना मुंबई-पुणे रस्ता. तो कसा आहे हे मी लिहिण्याची गरज नाही. आमच्या वाडीतल्या मुली त्या रस्त्यापलीकडे रोज जाणार नाहीत. आईबाप पाठवणार नाहीत. दोन महिने पाठवतील, मग घरी बसवतील. मला माझ्या घरच्यांनी तेवढ्याचसाठी घरी बसवले होते. माझ्या वाटेत हायवे नव्हता, फक्त ओढा होता.

म्हणजे मुलांना आत बसवले तर घोळणे फुटतात. पंखे लावले तर नोटीस. बाहेर बसवले तर शाळा बंद. भिंतीला हात लावला तर गुन्हा.

७. आता जे लिहिते ते आपल्याला आजवर कोणी सांगितलेले नाही.

एप्रिलपासून त्या वर्गात आम्ही बसतो. वाडीतली म्हातारी माणसे. पाळ्या लावल्या आहेत. मुले गोठ्यात शिकतात आणि आम्ही इमारतीत बसून हात हलवतो, म्हणजे वाटीला माणूस दिसेल आणि शाळा चालू राहील. ही युक्ती कोणाची ते मी सांगणार नाही, कारण सगळ्यांचीच आहे.

उकाडा काय असतो ते मी आता ऐकीव सांगत नाही. दार लोटलेले ठेवावे लागते, नाहीतर बाहेरच्या उजेडात दिवा लागला की नाही ते कळत नाही. घाम बाकावर गळतो. डुलकी लागली की अंधार होतो. मग गौराबाई ओरडते, “हात हलव रं हिरू! जित्ता हायेस का ते तरी कळू दे सायबाला!” आणि हिरू म्हणतो, “गौरे, तूच नाच की. जलमभर आमाला नाचवलंस, आता दिव्याला नाचव.” असे हसून दिवस काढले. रिया एकदा दारातून डोकावून म्हणाली, “आजी, तुजी हजेरी लागते का गं? माजी तर गोट्यात लागते.” मी हात हलवूनच तिला गोठ्याकडे पिटाळले.

मे महिन्यात शाळेला सुटी लागली, पण वाटीला सुटी कळते की नाही हे आम्हाला ठाऊक नव्हते. विचारायचे कोणाला? विचारले तर बसतोय हे कळणार. म्हणून सुटीतही बसलो. रविवारीही बसतो. परवा गणपतीच्या सुटीतही बसलो. गौराबाईच्या घरी गौरी आल्या होत्या आणि ती इथे कोंडून घेऊन बसली होती.

त्या मे महिन्यातच एके दिवशी हिरूची पाळी होती. दुपारी मी पाणी घेऊन आले. दाराच्या फटीतून पाहिले तर आत अंधार. मला वाटले झोपला. हाक मारली, ओ नाही. आत गेले तेव्हा माझ्या हलण्याने दिवा लागला आणि तो खाली पडलेला दिसला. तोंडाला फेस होता. टेंपोत घालून दवाखान्यात नेला. वाचला. आता बरा आहे, पण वर्गात येत नाही. म्हणतो, “माजी हजेरी भरली गं चंद्रा. मी पास.”

८. मेमधल्या तिसऱ्या अर्जात आम्ही एवढेच मागितले होते की, फेरपाहणी आताच करावी, म्हणजे झाप काढलेली घरे साहेबांना डोळ्यांनी दिसतील. उत्तर आले की, पाहणीचा खर्च जूननंतर मंजूर होतो, त्याआधी पथक पाठवता येत नाही. पथक आषाढातच येणार हे कळल्यावर आम्ही पुन्हा सभा घेतली. यंदा झाप बांधूच नयेत, असे मी म्हटले. गौराबाई म्हणाली, “चंद्राबाय, पोरांच्या खिडकीसाटी माजं घर भिजवू? म्हातारा खोकतोय घरात.” तिचे बरोबर होते. मी कोणाला आग्रह केला नाही. माझ्या घराची पश्चिम बाजू मात्र मी उघडी ठेवली. साहेबांना एक तरी घर खरे दिसावे, एवढाच हेतू.

त्या पावसात माझी चूल विझली, अंथरुणे भिजली, रियाच्या दप्तराला बुरशी आली. सून साजगावहून आली आणि भांडून गेली. देवव्रत साहेब आले. त्यांनी सगळ्या घरांचे झाप पाहिले. माझ्या घरासमोर उभे राहिले. मी त्यांना सगळे सांगितले. ते खाली बघत म्हणाले, “आजी, मला समजतंय हो. पण पाहणीच्या दिवशी जे दिसलं तेवढंच लिहायला जागा आहे.” मी त्यांना चहा दिला. त्यांचाही दोष नाही.

फेरपाहणीचा अहवाल असा आहे : “गावातील सर्व घरे पश्चिमेस बंद आढळली. एका घराची पश्चिम बाजू नादुरुस्त आढळली. सदर वृद्ध महिलेस आदर्श हरित घरकुल देण्याची शिफारस करण्यात येते.”

त्या घरकुलाचा नकाशा मला पोस्टाने आला आहे. नमुना शाळेचाच आहे, फक्त लहान. पश्चिमेला तीच हातभर जाड बंद भिंत. सोबतच्या पत्रात म्हटले आहे की, नकार दिल्यास नाव यादीतून कायमचे वगळले जाईल आणि होकार दिल्यास सध्याचे घर मोडावे लागेल. मी शाळेला खिडकी मागितली होती. आता ती भिंत माझ्या घरी येत आहे.

९. ऑगस्टमध्ये आपले प्रशंसापत्र आले. ते वाचून दाखवले तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यात लिहिले आहे की, तांबडवाडीची इमारत उन्हाळी सुटीत आणि रविवारीही सतत वापरात असल्याचे आढळले, हा ग्रामस्थांच्या इमारतीवरील प्रेमाचा पुरावा आहे. भर दुपारीही वर्ग भरलेला असल्याने उष्णतेची तक्रार निराधार ठरते, सबब खिडकीची मागणी निकाली काढण्यात येत आहे. तसेच या यशामुळे आणखी पाच वाड्यांमध्ये याच नमुन्याच्या शाळा बांधण्याचा प्रस्ताव आहे.

महोदय, शाळा वाचावी म्हणून आम्ही जे केले त्यानेच खिडकी बंद झाली. आता मी गप्प राहिले तर आम्ही मरेपर्यंत या वर्गात बसायचे आणि आमच्यानंतर जे म्हातारे होतील त्यांनी बसायचे. आणि पाच वाड्यांमध्ये आणखी म्हातारे बसायचे. मी खरे सांगितले तर आपण म्हणणार, म्हणजे इमारत विनावापरच होती, आणि शाळा बंद. मी पुष्कळ विचार केला. हिरूला विचारले. तो म्हणाला, “सांग. मी पडलो तवा बाहिर कोनी नसतं तर? त्या वाटीला काय कळलं असतं? मानूस हालंना म्हंजी साळा रिकामी, येवडंच ना?” म्हणून सांगितले.

मुले होती. शाळा चालू होती. एक दिवसही बंद नव्हती. ती फक्त जिथे वारा होता तिथे चालू होती. गोठ्यात येऊन विचारले असते तर रियाने आपल्याला पाढे म्हणून दाखवले असते.

१०. आता माझी विनंती. मी खिडकी मागत नाही. आपल्या उत्तरांवरून मला कळले आहे की परंपरा मोडता येत नाही. तेव्हा परंपरेप्रमाणेच करावे. ती भिंत आमच्या झापांचे फोटो पाहून बांधली आहे, म्हणजे ती झापच आहे. झाप दसऱ्याला काढतात. तरी ही भिंतही कमरेएवढा कट्टा ठेवून दसऱ्याला काढण्याची परवानगी द्यावी. इमारतीचे वजन खांबांवर आहे, या भिंतीवर नाही, असे आपल्याच नकाशात लिहिले आहे. विटा हलक्या आहेत. त्या आम्ही मोजून, रचून, ताडपत्रीखाली ठेवू. मृगाआधी त्या बाजूला आम्ही घरटी एक माणूस येऊन कारवी-पेंढ्याचे झाप बांधून देऊ, जसे पिढ्यान्‌पिढ्या दिले. त्याचा खर्च आम्ही मागत नाही.

आपली पाहणी आषाढातच होते. त्या वेळी ती बाजू आपल्याला बंदच आढळेल. तेव्हा आपल्या अहवालात, फोटोत, मानांकनात कोठेही एक अक्षर बदलावे लागणार नाही. वाटीही आम्ही काढत नाही. तिला मुले हलताना दिसतील आणि दिवा लावायची गरज पडणार नाही, कारण पश्चिमेचा उजेड येईल. विजेची बचतच होईल.

यंदा दसरा दोन ऑक्टोबरला, गुरुवारी आहे. आपल्याला सुटी असेल. आपण यावे. साहेब म्हणून नको, पाहुणे म्हणून यावे. आपट्याची पाने आमच्या बांधावरच आहेत. पहिली वीट आपल्या हाताने निघाली तर आम्हाला आनंद होईल, म्हणजे ते नुकसान राहणार नाही, उद्घाटन होईल.

त्याआधी आपले उत्तर आले नाही तर काय करायचे ते गावाने ठरवलेले नाही आणि मी कोणाच्या वतीने धमकी देत नाही. फक्त एक गोष्ट आपल्या माहितीसाठी कळवते. दसऱ्याला झाप काढायला परवानगी मागायची रीत आमच्याकडे नाही. कोणी कोणाला बोलवत नाही. पहाटे माणसे आपापली येतात. शिडी हिरूची असते. तो आता चढणार नाही, म्हणून शिडी धरायला मी जाते.

हा अर्ज मी त्याच वर्गात बसून लिहिला आहे. आज रविवार, माझी पाळी आहे. पाऊस उघडला आहे आणि आत अंगाची काहिली होते. लिहिताना फक्त बोटे हलतात, तेवढे त्या वाटीला पुरत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने मला उठून दोन्ही हात वर करावे लागले. त्यामुळे ओळी तुटल्या आहेत. आताही दिवा गेला आहे. दाराच्या फटीतून येतो तेवढ्या उजेडात सही करते. या वेळी मी हात वर करत नाही. आपल्याकडे आज वर्ग रिकामा दिसेल, तेव्हा कृपया समजावे की मी आत आहे.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून, आपली नम्र,

(सही)
चंद्राबाई सदू ठोंबरे
तांबडवाडी, ता. खालापूर
दिनांक ७ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) ग्रामसभेच्या ठरावाची प्रत.
२) आपल्या तिन्ही उत्तरांच्या व प्रशंसापत्राच्या प्रती.
३) जुन्या शाळेचा फोटो, दसऱ्यानंतरचा, झाप काढलेला. प्रौढ वर्गाच्या समारोपाचा आहे. कट्ट्यापाशी डावीकडून दुसरी मी. फोटोत दिवा नाही, तरी सगळ्यांचे चेहरे दिसतात.
४) घरकुलाचा नकाशा, परत.